खासगी बाजाराचे कारभारी

भांडवलाच्या ज्या बाजाराचे दर रोज सकाळी वर्तमानपत्रांत छापून येतात, ज्याचा निर्देशांक वर गेला की पेढ्यापेढ्यांवर उत्साह संचारतो आणि खाली आला की त्याच पेढ्यांवर सुतकी कळा पसरते, तो बाजार म्हणजेच सगळे भांडवली विश्व, अशी आपणां सामान्य वाचकांची समजूत असते. आणि ती अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही, कारण त्या विश्वाचा जो दुसरा भाग आहे तो सहसा कोणाच्या दृष्टीस पडू नये अशीच त्याची घडण आहे. ज्या कंपन्यांचे भाग कोणत्याही शेअर बाजारात नोंदलेले नाहीत त्यांची मालकी, बँकांना वगळून परस्पर दिलेली मोठमोठी कर्जे, बंदरे, वीजवाहिन्या, गोदामे, आणि नफ्याचे तोंडही अद्याप न पाहिलेले नवे उद्योग, या सर्वांच्या देवघेवीला मिळून खासगी बाजार असे म्हणतात. येथे घंटा वाजत नाही, दर पुकारले जात नाहीत. सौदे वकिलांनी मसुदे केलेल्या करारनाम्यांवर, महिनोन्‌महिने चाललेल्या वाटाघाटींनंतर होतात, आणि झालेल्या सौद्याचा भाव पुष्कळदा त्या दोन पक्षांखेरीज कोणालाच कळत नाही. अमेरिकेत १९९६ च्या सुमारास शेअर बाजारांत नोंदलेल्या देशी कंपन्यांची संख्या सात हजारांहून अधिक होती; आज ती चार हजारांच्या आसपास आहे. ज्या वयात पूर्वी कंपन्या आपले भाग विक्रीस काढून लोकांसमोर येत, त्या वयात आता त्यांना खासगी भांडवल मुबलक मिळते, आणि म्हणून वाढीचा सर्वांत फलदायी काळ त्या बंद दारांआड घालवू शकतात. तेव्हा दाराबाहेरच्या माणसाला आत काय चालले आहे याची उत्कंठा वाटू लागली तर नवल नाही, आणि ती उत्कंठा ओळखून दारावर उभे राहणारे मध्यस्थ निर्माण झाले तर त्याहूनही नवल नाही. या मध्यस्थांपैकी एका विशिष्ट वर्गाची, म्हणजे बहुव्यवस्थापक संस्थांची, हकीकत येथे सांगावयाची आहे.

ही दारे कोणा धनिकमंडळाने कट करून लावली, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती कायद्याने लावली, आणि तीही सामान्य माणसाच्या कळवळ्याने. १९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळून असंख्य कुटुंबांची शिल्लक मातीमोल झाली, तेव्हा तेथील सरकारने १९३३ च्या रोखे कायद्याने असा दंडक घातला की ज्याला आपला रोखा सर्वांना विकावयाचा असेल त्याने तो सरकारदप्तरी नोंदवावा आणि आपला जमाखर्च उघड करावा. पुढे १९४० च्या गुंतवणूक कंपनी कायद्याने, लोकांचा पैसा एकत्र करून गुंतवणाऱ्या संस्थांवर कर्ज, मोबदला आणि मूल्यांकन यांबाबत कडक निर्बंध घातले. ज्यांना हा सारा खटाटोप नको होता त्यांना एक सवलत राहिली: आपला रोखा मोजक्या, सुजाण लोकांनाच विका. सुजाण कोण, याची व्याख्या १९८२ साली पैशांत करण्यात आली, ती अशी की ज्याचे वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलर आहे किंवा ज्याची निव्वळ मालमत्ता दहा लाख डॉलर आहे तो सुजाण. २०१० साली राहते घर त्या हिशेबातून वगळण्यात आले, आणि २०२० साली काही व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाही पात्र ठरविण्यात आले. पण मूळ आकडे आजही तेच आहेत, त्यामुळे कायद्याने न केलेले काम चलनवाढीने परस्पर केले आणि पात्र लोकांची संख्या वर्षागणिक फुगत गेली. श्रीमंतीला शहाणपणाचा दाखला मानण्याची ही रीत प्रस्तुत लेखकास कधीच पटलेली नाही. वडिलार्जित इस्टेट मिळालेला मनुष्य एका रात्रीत सुजाण होतो आणि अर्थशास्त्र शिकवण्यात उभी हयात घालवलेला अध्यापक अजाण राहतो, हे तर्काला धरून नाही.

गंमत अशी की या व्यवसायाचा आरंभ मात्र सर्वांसाठी खुल्या असलेल्या एका संस्थेने झाला. १९४६ साली बोस्टन येथे स्थापन झालेली ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ ही कंपनी जॉर्जेस डोरिओ या फ्रान्समध्ये जन्मलेल्या आणि हार्वर्डच्या व्यापारविद्यालयात शिकवणाऱ्या गृहस्थाच्या नेतृत्वाखाली नवनव्या शास्त्रीय उद्योगांत भांडवल घालीत असे, आणि तिचे स्वतःचे भाग कोणालाही बाजारात विकत घेता येत. १९५७ साली तिने ‘डिजिटल इक्विपमेंट’ या संगणक बनवू पाहणाऱ्या अगदी नवख्या कंपनीत ७०,००० डॉलर घातले, आणि त्या एका गुंतवणुकीने पुढे बाकीच्या सर्व गुंतवणुकींना झाकून टाकले. तरीही ही पद्धत टिकली नाही. १९४० च्या कायद्यामुळे कंपनीला आपल्या हुशार कारभाऱ्यांना नफ्यात मनाजोगता वाटा देता येईना, तेव्हा ती माणसे एकेक करून बाहेर पडली. १९७२ साली कंपनी ‘टेक्स्ट्रॉन’मध्ये विलीन झाली. बाहेर पडलेल्यांनी आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनी जे रूप स्वीकारले ते मर्यादित भागीदारीचे, ज्यात लोकांचा पैसा लागत नाही, मोजक्या मोठ्या भागीदारांचा पुरतो, आणि म्हणून निर्बंधही लागू होत नाहीत.

या भागीदारीचे अंतरंग नीट पाहिल्याखेरीज पुढचे काही समजणार नाही. व्यवस्थापक हा तिचा मुख्य भागीदार; पैसा देणारे ते मर्यादित भागीदार, ज्यांची जबाबदारी त्यांनी कबूल केलेल्या रकमेपुरतीच. मुदत साधारण दहा वर्षांची, गरज पडल्यास एकदोन वर्षे वाढवता येईल अशी. भागीदार आरंभी रक्कम देत नाही, वचन देतो. व्यवस्थापकाला एखादी कंपनी विकत घेण्याजोगी सापडली की तो मागणीपत्र धाडतो, आणि मग थोड्याच दिवसांच्या मुदतीत वचनाचा तेवढा हिस्सा भरावा लागतो. न भरल्यास दंड जबर असतो, प्रसंगी आधीच्या हिश्शावरही पाणी सोडावे लागते. पहिली चारपाच वर्षे पैसा जातच राहतो, शुल्क वसूल होत राहते आणि परत काही येत नाही, म्हणून हिशेबात तोटा दिसतो. कंपन्या विकल्या जाऊ लागल्या म्हणजे उत्तरार्धात रक्कम परत येऊ लागते. व्यवस्थापकाचा मोबदला रूढीने ठरलेला आहे: वचन दिलेल्या रकमेवर दरसाल दोन टक्के, आणि भागीदारांना बहुधा आठ टक्क्यांचा किमान परतावा पोचता झाल्यावर नफ्याचा पाचवा हिस्सा.

आता एखाद्या यशस्वी डॉक्टराने किंवा निवृत्त अभियंत्याने यात उतरावयाचे ठरविले तर काय होईल? एकेका भागीदारीत प्रवेशाची किमान रक्कम लाखो डॉलरांची, कित्येक ठिकाणी पन्नास लाखांची. एका भागीदारीत सारी पुंजी घालणे म्हणजे एकाच व्यवस्थापकाच्या आणि एकाच सालाच्या नशिबाला बांधून घेणे. कारण २००६ साली चढ्या भावाने खरेदी करणाऱ्याचे आणि २००९ साली पडत्या भावाने खरेदी करणाऱ्याचे फळ एकसारखे येत नाही. म्हणून जाणकार वर्षानुवर्षे थोडे थोडे वचन देत, पाचदहा व्यवस्थापकांत पैसा विभागून ठेवतात. शिवाय या बाजारात उत्तम व्यवस्थापक आणि सामान्य व्यवस्थापक यांच्या फळांतले अंतर शेअर बाजारातल्या फंडांच्या मानाने फारच मोठे असते, आणि जो उत्तम म्हणून नावाजला त्याच्या दारात वचने घेऊन उभ्या असलेल्यांची रांग इतकी लांब असते की तो नव्याला उभाच करीत नाही. येल विद्यापीठाच्या निधीचा कारभार १९८५ पासून २०२१ पर्यंत पाहिलेल्या डेव्हिड स्वेन्सन यांनी याच बाजारात विद्यापीठाचा मोठा हिस्सा गुंतवून जे अपूर्व यश मिळविले त्यामागे निवडीची दृष्टी तर होतीच, पण विद्यापीठाचे नाव, त्याचा शतकांचा धीर आणि आधीपासून जमलेल्या ओळखी यांचाही त्यात मोठा वाटा होता. या तिन्ही गोष्टी डॉक्टरसाहेबांजवळ नसतात.

त्या पुरवण्यासाठीच बहुव्यवस्थापक संस्था अवतरल्या. आरंभी त्यांचे गिऱ्हाईक व्यक्ती नव्हतेच; निवृत्तिवेतन निधी, विमा कंपन्या, विद्यापीठे अशा संस्थांसाठी त्या काम करीत. शिकागोच्या फर्स्ट नॅशनल बँकेत १९७० च्या दशकात वाढलेल्या एका विभागातून आजची ‘ॲडम्स स्ट्रीट’ ही पेढी उदयास आली. बोस्टनच्या जॉन हँकॉक विमा कंपनीच्या आश्रयाने १९८२ साली निघालेली संस्था आज ‘हार्बरव्हेस्ट’ म्हणून ओळखली जाते. लंडनची ‘पँथिऑन’ही त्याच सुमाराची. १९९१ साली पेनसिल्व्हेनियात ‘हॅमिल्टन लेन’, १९९६ साली स्वित्झर्लंडच्या त्सुग परगण्यात ‘पार्टनर्स ग्रुप’, २००७ साली ‘स्टेपस्टोन’, असा हा वंशविस्तार होत गेला. त्यांचा मूळ धंदा एकच: स्वतः कंपन्या विकत न घेता, कंपन्या विकत घेणारे चांगले व्यवस्थापक हुडकणे, त्यांच्या भागीदाऱ्यांत पैसा विभागणे आणि त्यावर देखरेख ठेवणे. फंडांचा फंड म्हणतात तो हा.

हुडकणे हे काम वरकरणी दिसते तितके सोपे नाही. एखाद्या व्यवस्थापकाच्या मागील तीन भागीदाऱ्यांचे हिशेब तपासणे, त्यातला नफा कर्जाच्या जोरावर आला की धंदा खरोखर सुधारल्यामुळे आला हे निवडून काढणे, ज्या माणसाने तो नफा मिळविला तो अजून त्या पेढीत आहे की सोडून गेला याची चौकशी करणे, पूर्वी त्याने विकत घेतलेल्या कंपन्यांच्या संचालकांशी एकांतात बोलणे, करारनाम्यातील एकेक कलम आपल्या बाजूने घासून घेणे. आणि हे सर्व दरवर्षी शेकडो व्यवस्थापकांच्या बाबतीत करून त्यांतल्या मूठभरांना पसंत करणे. ज्या संस्थेच्या दप्तरात चाळीस वर्षांची अशी टिपणे जमा आहेत तिच्याजवळ एक खरीखुरी विद्या आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. मात्र केवळ छाननीच्या नावावर मोबदला घेणारे सगळेच छाननी करतात असेही नाही. २००८ च्या डिसेंबरात न्यू यॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफ या गुंतवणूक व्यवस्थापकाच्या फसवणुकीचे बिंग फुटले तेव्हा त्याच्याकडे डोळे झाकून पैसा सोपवणाऱ्यांत अनेक फंडांचे फंड होते. ती दुनिया हेज फंडांची, म्हणजे बहुधा खुल्या बाजारातच उलाढाल करणाऱ्या निधींची, खासगी बाजाराची नव्हे, तरी धडा दोन्हींना सारखाच लागू पडतो.

कालांतराने या संस्थांच्या कामाला आणखी दोन अंगे फुटली, आणि व्यक्तींसाठी काढलेल्या योजनांचा सगळा डोलारा आज याच दोन अंगांवर उभा आहे. एक सहगुंतवणूक: व्यवस्थापकाला एखादी कंपनी आपल्या एकट्याच्या निधीत न मावणारी वाटली की तो विश्वासू भागीदारांना त्या व्यवहारात थेट हिस्सा देऊ करतो, तोही बहुधा अल्प शुल्कात किंवा विनाशुल्क. दुसरे अंग दुय्यम व्यवहारांचे, आणि ते अधिक मनोरंजक आहे. दहा वर्षांच्या भागीदारीत अडकलेल्या एखाद्या निवृत्तिवेतन निधीला सहाव्या वर्षी पैशाची निकड भासली तर त्याने काय करावे? मूळ व्यवस्थापक परत देत नाही. मग तो आपला हिस्सा, व्यवस्थापकाच्या संमतीने, दुसऱ्या कोणाला सवलतीत विकतो. अशा हिश्शांची पद्धतशीर खरेदी अमेरिकेत डेटन कार यांनी १९८२ पासून सुरू केली, तेव्हा तो अडलेल्या माणसाकडून माल घेण्याचा काहीसा संकोचाचा धंदा मानला जाई. आज तो प्रतिष्ठित आणि अवाढव्य झाला आहे. बहुव्यवस्थापक संस्थेला त्यात तीन सोयी मिळतात. पैसा लगेच कामाला लागतो. भागीदारीची पहिली तोट्याची वर्षे सरून गेलेली असतात. आणि ज्या कंपन्या विकत मिळणार त्या आधीच डोळ्यांसमोर असतात. व्यक्तींकडून दरमहा येणारा पैसा वचनाच्या रूपाने पडून राहणे ज्या योजनेला परवडत नाही, तिला यासारखे वरदान दुसरे नाही.

ही योजना म्हणजे काय, ते आता सांगता येईल. व्यक्तींना खासगी बाजारात आणण्याचा या संस्थांचा एक आरंभीचा प्रयत्न लंडनच्या शेअर बाजारात झाला. १९८७ पासून तेथे पँथिऑनचा एक विश्वस्त निधी नोंदलेला आहे, ज्याचा भाग कोणीही विकत घ्यावा आणि वाटेल तेव्हा विकावा. पण विकणाऱ्याला मिळतो तो बाजारात बोलला जाणारा भाव, आणि तो बहुतेक काळ आतल्या मालमत्तेच्या मूल्याहून कमी, बिकट दिवसांत तर फारच कमी असतो. अमेरिकेतल्या धनसल्लागारांना हे गिऱ्हाइकाला समजावून देणे जड जाई. त्यातून कायम खुल्या योजनांची वाट निघाली: मागणीपत्रे नाहीत, दहा वर्षांची मुदत नाही, किमान रक्कम काही हजार डॉलरांवर आणलेली, दरमहा मूल्य जाहीर होणार, आणि दर तिमाहीस संस्था स्वतःच काही हिस्सा त्या मूल्याने परत विकत घेणार. पार्टनर्स ग्रुपने २००९ साली अमेरिकेत असा निधी काढला, आणि पुढच्या पंधरा वर्षांत पँथिऑन, स्टेपस्टोन, हॅमिल्टन लेन यांनी तोच मार्ग धरला. युरोपात २०१५ च्या कायद्याने असाच एक दीर्घमुदती निधी मान्य झाला होता. त्याच्या सुधारलेल्या आवृत्तीने, जी १० जानेवारी २०२४ पासून अंमलात आली, दहा हजार युरोंची किमान अट काढून टाकली. ब्रिटनचा प्रकार २०२१ चा.

यातली परतखरेदीची कलमे वाचकाने बारकाईने पाहावीत, कारण तेथे दोन जाती आहेत. १९९३ च्या एका नियमाखाली चालणारा इंटरव्हल फंड ठराविक मुदतीने पाच ते पंचवीस टक्क्यांपर्यंत हिस्सा परत घेण्यास बांधलेला असतो. दुसऱ्या जातीत परतखरेदी देऊ करावी की नाही, किती करावी, हे प्रत्येक वेळी संचालक मंडळ ठरवते, आणि मंडळाने या तिमाहीस नाही म्हटले तर भागधारकाने मुकाट्याने ऐकावे. बहुव्यवस्थापकांच्या पुष्कळ योजना या दुसऱ्या जातीच्या आहेत. मागणी मर्यादेपेक्षा अधिक झाली तर दोन्हींत सर्वांना प्रमाणात थोडे थोडे मिळते आणि बाकीसाठी पुढील तिमाहीची वाट पाहावयाची.

आता मोबदल्याकडे वळू. खालचे व्यवस्थापक आपले दोन टक्के आणि पाचवा हिस्सा घेतात. वरची संस्था आपल्या छाननीसाठी आणखी एक टक्का आणि कधी नफ्याचा पाच ते दहा टक्के भाग घेते. कल्पनेखातर धरा की विकत घेतलेल्या कंपन्यांनी एका वर्षात शंभरावर पंधरा कमावले. खालच्या व्यवस्थापकाचे दोन गेले, उरलेल्या तेरांतून पाचवा हिस्सा म्हणजे दोन रुपये साठ पैसे गेले, राहिले दहा रुपये चाळीस पैसे. वरच्या संस्थेचा एक रुपया गेला, आणि उरलेल्याचा दहावा भागही गेला, तर मूळ मालकाच्या पदरात साडेआठ रुपयेदेखील पुरते पडत नाहीत. सहगुंतवणुकीमुळे खालचे शुल्क काहीसे वाचते, हे खरे. पण पंधरा कमावण्याची हमी तर कोणीच दिलेली नाही. ऑक्सफर्डचे प्राध्यापक लुडोविक फॅलिप्पू यांनी २०२० साली असे मांडले की २००६ पासूनच्या अमेरिकन खासगी भागीदाऱ्यांनी शुल्क वजा जाता जे दिले ते शेअर बाजाराच्या निर्देशांकाच्या जवळपासच होते, आणि या काळात खरे अब्जाधीश झाले ते व्यवस्थापक. या धंद्यातल्या लोकांना हा निष्कर्ष मान्य नाही. होईल अशी अपेक्षाही करू नये.

दुहेरी मोबदल्याचे परिणाम सर्वांसमोर मोजून दाखविणारी एक पैज वॉरन बफे यांनी लावली होती. १ जानेवारी २००८ पासून दहा वर्षे, एका बाजूस अमेरिकन शेअर बाजाराच्या निर्देशांकाला अनुसरणारा एक स्वस्त फंड, दुसऱ्या बाजूस ‘प्रोटेजे पार्टनर्स’ या संस्थेने निवडलेले पाच फंडांचे फंड, ज्यांच्या पोटात शंभराहून अधिक हेज फंड होते. २०१७ च्या अखेरीस निर्देशांकाचा फंड १२५.८ टक्क्यांनी वाढला होता. पाचांपैकी सर्वांत सरस ८७.७ टक्क्यांनी, सर्वांत निकृष्ट २.८ टक्क्यांनी. हेज फंडांची जात निराळी, म्हणून हा दाखला जसाच्या तसा खासगी बाजाराला लावता येत नाही. परंतु दोन मजली मोबदला असलेल्या इमारतीत पाया कितीही भक्कम असला तरी भाडे कोण भरतो, एवढे तरी त्यावरून कळते. आणि तरीसुद्धा स्वस्त फंडांचे माहेरघर असलेल्या ‘व्हॅनगार्ड’ने २०२० साली हार्बरव्हेस्टशी हातमिळवणी करून आपल्या गिऱ्हाइकांसाठी खासगी बाजाराचे दार उघडले, प्रथम संस्थांसाठी आणि मग धनाढ्य व्यक्तींसाठी. व्हॅनगार्डचे संस्थापक जॉन बोगल त्याआधी वर्षभर निवर्तले होते.

पण शुल्कापेक्षाही अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट मूल्याची आणि परतीच्या वाटेची आहे. सामाईक सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला आपला हिस्सा किती हे ठाऊक असते, पण तो विकावयास निघाला म्हणजे इतरांची संमती, मोजणी, आणि शेजाऱ्याने सांगितलेला भाव यांत वर्षे जातात. खासगी कंपनीतल्या हिश्शाचे तसेच. तिचे मूल्य तिमाहीत एकदा, तेही व्यवस्थापकानेच, आपल्याच पद्धतीने ठरवलेले. म्हणून शेअर बाजार महिन्यात वीस टक्के घसरला तरी या योजनेचा आलेख संथ चढत राहतो, आणि विक्रेते त्या संथपणालाच सुरक्षितता म्हणून पुढे करतात. जोखीम नाहीशी झालेली नसते, ती मोजली गेलेली नसते. दुय्यम व्यवहारांत तर याहून चमत्कारिक प्रकार आहे. समजा, व्यवस्थापकाच्या शेवटच्या हिशेबात ज्याचे मूल्य शंभर आहे असा हिस्सा संस्थेने अडलेल्या विक्रेत्याकडून पंच्याऐंशीला घेतला. रूढ हिशेबपद्धतीप्रमाणे तिला तो दुसऱ्याच दिवशी आपल्या दप्तरात शंभराने दाखवता येतो. कंपनीत काडीचाही फरक न पडता पंधरांचा नफा झाला, योजनेचा परतावा वाढला, त्या वाढीव मूल्यावर शुल्क आकारले गेले आणि तो परतावा पाहून नवे लोक आले. त्यांच्या पैशाने आणखी सवलतीचे हिस्से घेता आले. नवा पैसा येत राहील तोवर हे चक्र सुरेख फिरते. लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही, कारण सारे नियमाला धरून आणि माहितीपत्रकात नमूद करूनच होते; परंतु आरंभीच्या वर्षांत दिसणारे डोळे दिपवणारे आकडे कशाचे बनलेले आहेत हे विचारल्याखेरीज त्यांवर विसंबू नये.

परतीच्या वाटेवर गर्दी झाली म्हणजे काय होते त्याचे प्रात्यक्षिक २०२२ च्या अखेरीस मिळाले, ते बहुव्यवस्थापक नसलेल्या एका निधीत. ब्लॅकस्टोनच्या स्थावर मालमत्ता निधीतून बाहेर पडू इच्छिणाऱ्यांची मागणी महिन्याला दोन आणि तिमाहीला पाच टक्क्यांच्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, आणि मग दरमहा मागणीच्या काही भागाचेच पैसे देण्यात आले. ही वाटणी २०२४ च्या आरंभापर्यंत चालली. निधी बुडाला नाही, मर्यादा आधीच छापलेली होती. तरी गुंतवणूकदारांना आश्चर्याचा धक्का बसला तो कशामुळे, याचे उत्तर विक्रेत्यांनी बैठकीत काय सांगितले आणि काय हलक्या आवाजात सांगितले यात शोधावे लागेल.

व्यक्तींसाठी ही दारे नेमकी आताच का उघडत आहेत, हा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोठ्या संस्थांची वचने आपापल्या मर्यादेपर्यंत पोचली आहेत. २०२२ पासून व्याजदर चढल्याने विकत घेतलेल्या कंपन्या पुन्हा विकणे कठीण झाले, म्हणून जुन्या भागीदाऱ्यांतून पैसा परत येईनासा झाला. आणि जो परत आला नाही तो पुन्हा गुंतवता येत नाही. ज्या येलने साऱ्या जगाला या बाजाराचा मार्ग दाखवला त्याच येलने २०२५ साली आपल्या खासगी हिश्शांचा एक मोठा गठ्ठा दुय्यम बाजारात विक्रीस काढला. असे हिस्से विकत घेणाऱ्यांत व्यक्तींच्या पैशांवर चालणाऱ्या कायम खुल्या योजनांचे प्रमाण वाढते आहे. म्हणजे पूर्वी बहुव्यवस्थापकाचे मोल ज्यात होते, ती दुर्मिळ जागा मिळवून देण्याची हातोटी, ती आज काहीशी उलटी झाली आहे. दरमहा येणारा पैसा त्याला दरमहा कोठेतरी लावावाच लागतो, आणि ज्याला लावावाच लागतो तो निवडीत पूर्वीइतका चोखंदळ राहील याची शाश्वती कोणी द्यावी? स्वेन्सन यांनी स्वतः २००५ साली सामान्य गुंतवणूकदारांसाठी जे पुस्तक लिहिले त्यात त्यांना येलची नक्कल न करता स्वस्त निर्देशांक फंड घेण्याचाच सल्ला दिला होता.

आपल्याकडे हे दार अजून बरेचसे जड आहे. सेबीने २०१२ साली पर्यायी गुंतवणूक निधींचे नियम केले, त्यांत सर्वसाधारणपणे एक कोटी रुपयांची किमान रक्कम, एका योजनेत हजारापेक्षा अधिक गुंतवणूकदार नकोत, आणि व्यवस्थापकाने स्वतःचाही ठराविक हिस्सा घालावा, अशा अटी आहेत. अशा निधींत पैसा घालणारे फंडांचे फंडही येथे निघाले आहेत. बहुव्यवस्थापक पद्धतीचा आपल्याकडील सर्वांत मोठा प्रयोग बहुधा सरकारीच म्हणावा लागेल: २०१६ साली सिडबीकडे सोपवलेला दहा हजार कोटींचा निधी, जो नवउद्योगांना थेट पैसा न देता खासगी निधींमार्फत देतो. त्यात व्यक्तीला जागा नाही. आणि परतीची वाट बंद होणे म्हणजे काय हे मात्र मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांना ठाऊक आहे, कारण एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनने आपल्या सहा कर्जरोखे योजना एका रात्रीत गुंडाळल्या होत्या. पैसे पुढे हप्त्याहप्त्याने मिळाले, पण कोणाच्या मुलीचे लग्न वा कोणाची शस्त्रक्रिया हप्त्यांसाठी थांबत नाही.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे मात्र हा प्रश्न लवकरच वेगळ्या वाटेने येणार आहे. ७ ऑगस्ट २०२५ रोजी तेथील राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशाने, पगारातून कापून जमा होणाऱ्या ४०१-के निवृत्ती खात्यांत खासगी बाजाराच्या गुंतवणुकी ठेवणे सोपे व्हावे म्हणून कामगार खात्याला आपली मार्गदर्शक तत्त्वे पुन्हा तपासण्यास सांगितले आहे. त्या खात्यांत बहुतेक नोकरदार स्वतः काही निवडत नाहीत. निवृत्तीच्या सालाचे नाव दिलेला एक ठराविक निधी मालकाने आधीच ठरवून ठेवलेला असतो, आणि रक्कम त्यात आपोआप जाते. उद्या त्या निधीच्या दहा टक्क्यांत एखाद्या बहुव्यवस्थापक संस्थेचा हिस्सा आला, तर न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या आमच्या वाचकाला ते कळेल ते वार्षिक पत्रकातल्या एका तळटीपेवरून, आणि परतखरेदीची कलमे तर त्याच्या हाती कधी पडणारही नाहीत. ती त्याच्या कंपनीच्या सल्लागाराने वाचलेली असतील.